'तुम्ही बसा, मी टाकून देतो'

दृष्टिहीन गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन दुकानात आलं, की समोरून हमखास ऐकू येतं, "भाऊ, तुम्ही बसा, मी टाकून देतो." बोलण्यात माया असते, मान्य. पण या मायेपायीच त्या माणसाच्या हातातला कीबोर्ड जातो, याचा मला राग आहे.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला डोळे लागतात, हा समज आता सोडा. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की मेनू आल्याची बीप वाजते. (काही मशीन ती देत नाहीत, तिथे थोडं थांबायचं.) एस दाबा, एंटर दाबा, मशीन बोलायला लागतं. भाषा कोणती, पासवर्ड काय, डिस्कचे भाग कसे पाडायचे, एकेक प्रश्न वाचून दाखवतं. पर्यायाचा आकडा टाइप करायचा, पुन्हा एंटर. बसवून झाल्यावर नव्या सिस्टिममध्येही आवाज कायम राहतो. २०११ च्या डेबियन ६ पासून ही सोय आहे, तीही फुकट. उबुंटू या दुसऱ्या प्रकारात आल्ट, विंडोजचं बटण आणि एस एकत्र दाबलं की ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागतो.

डिस्क चुकून पुसली जाईल, ही भीती खरी आहे. पण डिस्क डोळसांच्या हातूनही पुसली जाते.

खरी अडचण हे सगळं सुरू होण्याच्या आधीची. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागा होणारा प्रोग्रॅम, मुका असतो. पेनड्राइव्हवरून सुरू हो, हे मशीनला जिथे सांगायचं तिथे आवाजच नाही. त्यात बूट मेनूचं बटण कंपनीगणिक वेगळं: कुठे एफ १२, कुठे एफ ९. डोळस माणूस लागतो तो इथे, दोन मिनिटांपुरता.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दृष्टिहीन मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. उद्या ती कचेऱ्यांत संगणकासमोर बसतील. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. असा हक्क असलेल्या माणसाने मशीन बिघडलं की दर वेळी दुसऱ्याच्या सवडीची वाट का बघावी?

जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंतच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. दृष्टिहीन गिऱ्हाईकाला मशीन देताना बायोसमध्ये यूएसबी पहिल्या क्रमांकावर लावून द्या. बूट मेनूचं बटण तोंडी सांगा, त्याला विचारून बोट लावून दाखवा. स्पीकर वाजतो ना, तेवढं बघा. मग आपली खुर्ची मागे घ्या.