चुंमोतेर

मोठ्यांच्या पंगतीत स्वतःचं ताट घेऊन बसणारं एक कार्टं प्रत्येक छंदात असतं. तुम्ही ते पाहिलेलं आहे. गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी नव्हे, नेमक्या जागी 'वा' म्हणतं आणि सगळ्यांना ओशाळं करतं. बुद्धिबळाच्या कट्ट्यावर आजोबांची चाल संपायच्या आत नकारार्थी मान हलवतं. आमच्या सुरतेतल्या जुन्या नाण्यांच्या बाजारात जे आहे, त्याला चुंमोतेर म्हणतात.

आईबापांनी त्याला बरं नाव ठेवलेलं आहे, पण ते आता शाळेच्या दाखल्यापुरतं. वय चौदा. राहणार लिंबायत. मूळ गाव अमळनेरच्या बाजूचं. वडील उधन्याला लूमच्या कारखान्यात, बहुतेक रात्रपाळीला. खिशात पैसे जवळजवळ नाहीत, आणि छंद औरंगजेबाच्या रुपयांचा. चुंमोतेर म्हणजे चौऱ्याहत्तर. हे नाव व्यापाऱ्यांनी पाडलं, कारण कुठल्याही टेबलासमोर उभा राहिला की हा एकच प्रश्न विचारतो:

"काका, एक हजार चुंमोतेर छे?"

हे हिजरी साल. ऑगस्ट १६६३ ते जुलै १६६४. आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरतेत कोण आलं होतं, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. गुजराती व्यापाऱ्यालाही नसते. त्याचं उत्तर ठरलेलं: "तारा महाराज बधुं लई गया, हवे शुं बाकी छे?" मग आजूबाजूची टेबलं हसतात. चुंमोतेर हसत नाही. तो पुढच्या टेबलाकडे जातो आणि विचारतो, "काका, एक हजार चुंमोतेर छे?"

नाण्यांचं प्रदर्शन भरतं ते कुठल्यातरी समाजाच्या वाडीत. आदल्या दिवशी जिथं लग्नाची जेवणावळ झाली, तिथंच टेबलं मांडून दोन हजार वर्षांचा इतिहास ट्रेमध्ये लावून ठेवतात. येणारे सगळे पन्नाशीपुढचे. गळ्यात सोन्याची साखळी, खिशात भिंग, बोलण्यात 'मी ऐंशी साली हे चाळीस रुपयांना सोडलं' हे शल्य. तिथं हा शाळेच्या गणवेशाची पँट घालून शिरतो. प्रत्येक टेबलावर त्याचं स्वागत एकाच वाक्यानं होतं, "बेटा, तारा पप्पा क्यां छे?" पप्पा रात्रपाळी करून झोपलेले असतात. त्याचा हात ट्रेकडे वळला की ट्रे मागे सरकतो. चहावाला सगळ्यांना कटिंग देतो आणि याच्या डोक्यावरून किटली पुढे नेतो. लिलावात अठरा वर्षांखाली बोली लावता येत नाही, त्यामुळे तिथं तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि प्रत्येक नाण्याचं वर्ष पुटपुटतो. पुढच्या रांगेतले लोक मानेला डास चावल्यागत हात फिरवतात.

मीही त्यांतलाच एक. सुरुवातीला हा पोरगा दिसला की मी दुसऱ्या रांगेनं जात असे. एकदा त्यानं मला गाठलंच. माझ्या हातात सुरत टांकसाळीचा एक सुबक, गोल, नव्यासारखा रुपया होता आणि मी त्याच्यावर खूष होतो.

"दादा, हा सेहेचाळीसवाला आहे."

"सुरतचाच आहे ना?"

"नाव सुरतचं, पैसा कंपनीचा. शाह आलमच्या राज्याचं सेहेचाळिसावं वर्ष कोरलंय, पण इंग्रज १८०० नंतर तोच आकडा ठेवून पाडत राहिले. म्हातारा वारला तरी याच्यावर सेहेचाळीसच."

एवढं सांगून तो गेला. कुणी विचारलं नव्हतं. मी तो रुपया घेतला, पण घरी नेईपर्यंत त्यातली गोडी उतरली होती.

आता १०७४ मिळणं इतकं अवघड का, हेही सांगायला हवं, कारण न सांगितल्यास तो येऊन सांगेल. औरंगजेबाच्या काळातले सुरती रुपये दुर्मिळ नाहीत. तांबड्या समुद्रावरून परदेशी चांदी या बंदरात उतरायची आणि इथल्या टांकसाळीत तिचे रुपये व्हायचे. साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेरचा एकेक, अशी रीघ. पण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोडा बसला की मजकुराचा जो भाग चकतीवर येईल तो आला, बाकीचा हवेत. त्यामुळे कुठल्या रुपयावर 'सुरत' शाबूत असतं आणि साल गायब, कुठल्यावर साल असतं पण शेवटचा आकडा काठाबाहेर. चुंमोतेरच्या नशिबी नेमकं '१०७' येतं आणि पुढचा आकडा तीनशे साठ वर्षांपूर्वीच हवेत गेलेला असतो. व्यापारी म्हणतात, "चार समजी ले!" हा म्हणतो, "समजून कसं चालेल?" मग तो नाणं उलटं करतो. मागच्या बाजूला बादशहाचं जुलूसी साल असतं, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेलं. तिथं सहा असेल तर आशा. सहसा तिथं सहा नसतो.

हे सगळं फारसी लिपीत. ती हा शिकला शेजारच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींकडून, संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून. भिंग त्याला गल्लीतल्या एका रत्नकलाकारानं दिलं. हिऱ्याच्या कारखान्यात मंदी आली तेव्हा तो गावी गेला आणि जाताना आपली आयग्लास याच्या हातात ठेवून गेला. हिऱ्यातला डाग शोधण्यासाठी बनलेली ती काच आता औरंगजेबाचे आकडे शोधते. त्याची आई मात्र या सगळ्याकडे बघून एकच वाक्य म्हणते, "काय शे हाई?" वडिलांचं मत जास्त मुद्द्याचं आहे: "जुने पैसे घ्यायला नवे पैसे लागतात, बाबू."

एकदा त्याला शिकवायला म्हणून मी म्हणालो, महाराजांनी सुरतेतून कोटभर रुपये नेले असं म्हणतात. चूक झाली ती त्याच्यासमोर आकडा उच्चारण्याची. त्यानं वहीच काढली. कोट रुपये गुणिले साडेअकरा ग्रॅम, जरा कमीच धरू, म्हणजे एकशे चौदा टन. एका घोड्यावर ऐंशी किलो लादले तर चौदाशेच्या वर घोडे नुसते रुपये वाहायला. "म्हणून सगळी चांदी नसणार, दादा. सोनं, मोती, हिरे असणार. हलकं आणि महाग. व्यापारी वीरजी व्होरांच्या घरात तेच होतं." बोलताना त्याचा चेहरा असा की जणू चौथ्या दिवशी सामान बांधायला हा स्वतः बुऱ्हाणपुरी भागोळीबाहेरच्या महाराजांच्या छावणीत हजर होता.

वेरो, म्हणजे कर, भरायला महापालिकेत गेलो तर तिथंही तोच. मुगलीसऱ्यातली ती इमारत मुळात १६४४ ची सराई. माझा नंबर यायचा होता आणि हा खांबाला हात लावून मला सांगत होता, "दादा, महाराज आले तेव्हा ही इमारत वीस वर्षं जुनी होती. सुरतेचा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात लपून बसला होता, ही उघडीच होती." रांगेतला एक गृहस्थ मागे वळून म्हणाला, तेव्हा लूट दोनदाच झाली, आमची दर वर्षी होते. चुंमोतेरनं याची नोंद घेतली नाही. तो खांबाचं वय मोजत होता.

या छंदातल्या प्रौढांबद्दलही चार शब्द बोलायला हवेत, म्हणजे पोरावर अन्याय नको. दर प्रदर्शनात एक गृहस्थ रुमालात बांधून वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं घेऊन येतात. २०१२ साली सरकारनं काढलेलं, बाजारात पैशाला पासरी. त्यांना मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की याचे लाखो मिळतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये या फसवणुकीबद्दल जाहीर सावध केलं, पण रिझर्व्ह बँक पडली सरकारी, मोबाइल घरचा. व्यापारी त्या गृहस्थांना तासभर आशेवर ठेवतात, चहा पाजतात, आपल्याकडचं काहीतरी गळ्यात मारतात. खरी किंमत सांगतो तो चुंमोतेर: "काका, दहाच्या नाण्याचे दहा येतील. भाजीला वापरा." म्हणून व्यापाऱ्यांना तो नको असतो, आणि काकांनाही.

पण त्याला सर्वांत जास्त शत्रू मिळाले ते मोहरेच्या दिवशी. एका टेबलावर औरंगजेबाची सोन्याची मोहर आली. भोवती गर्दी. भाव लाखाच्या पुढं. चुंमोतेर दोन माणसांच्या कमरांमधून डोकं घालून पुढं गेला, आयग्लास लावली आणि म्हणाला, "काका, याच्यावर चंद्र लिहिलाय."

"तो शुं?"

"चांदीच्या रुपयावर चंद्र लिहायचे आणि सोन्याच्या मोहरेवर सूर्य. हा रुपया आहे. वर मुलामा."

टेबलाभोवती जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात आहे. मोहर रुमालात गेली, रुमाल पेटीत, पेटी टेबलाखाली. त्या दिवसापासून त्या टेबलावर 'लहान मुलांनी हात लावू नये' अशी पाटी आहे. मोहर पुन्हा दिसली नाही.

आणि मग बाजाराने आपला रंग दाखवला. इतकी वर्षं हा पोरगा टेबलाटेबलांवरून १०७४, १०७४ करत फिरला. ऐकून ऐकून एका हुशार माणसाच्या लक्षात आलं की जे मागितलं जातं ते विकलं जातं. पुढच्या प्रदर्शनात एक रुपया प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन आला, मखमलीवर, खाली छापील चिठ्ठी: 'शिवाजी महाराज – सुरत लूट – ऐतिहासिक रुपया'. किंमत अशी की तेवढ्यात याच्या वडिलांचे दोन पगार बसले असते. चौकशीला आमच्याच खानदेशातले एक बिल्डर आले. दिंडोलीकडे त्यांच्या इमारती आहेत, पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला काहीतरी महाराजांचं हवं होतं. ते पाकीट काढतात तोवर चुंमोतेर तिथं.

"साल बरोबर आहे," तो म्हणाला. व्यापाऱ्यानं श्वास सोडला. "पण मागे सातवं जुलूसी साल आहे. सातवं लागलं रमजानला, म्हणजे मार्च संपता संपता. महाराज जानेवारीतच गेले होते. हा नंतर पाडलाय."

"मग लुटीतला कुठला?" बिल्डर म्हणाले.

"लुटीतला असता तर तो सुरतेत कशाला राहिला असता?"

असा प्रश्न आमच्यापैकी एकाही सोनसाखळीवाल्याच्या डोक्यात इतक्या वर्षांत आला नव्हता. व्यापारी गरजला, "तारुं शुं जाय छे?" बिल्डरांनी पाकीट आत ठेवलं. मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे मग तू कुठला शोधतोयस? सहाव्या सालचा मिळाला तरी तो नेलेला नसणारच की.

"नेलेला नकोच आहे, दादा. राहिलेला पाहिजे. शहर लुटलं गेलं, लोक पळाले, तरी जो इथंच राहिला, तो."

त्याच्या घरी दर मे महिन्यात आई म्हणते, यंदा कायमचं गावी जाऊ. दर जूनमध्ये भुसावळच्या गाडीतून सगळे परत उधन्याला उतरतात. ज्या तापीकाठच्या रस्त्यानं एकेकाळी बुऱ्हाणपूरचे काफिले सुरतेला यायचे, त्याच काठानं ही गाडी येते. त्यांच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आलेली आहेत, साड्या विणतात, आणि गावाला गेलं की सुरतवाले म्हणून ओळखली जातात. मी पुढं काही विचारलं नाही.

आता चहावाला किटली त्याच्यापाशी थांबवतो. पैसे मी देतो, पण ते खांद्यावरून हात मागे करून, त्याला दिसू नये असे. फारसी न येणारे आमचे दोन-तीन ज्येष्ठ हल्ली नाणं विकत घेण्याआधी हळूच म्हणतात, "पेला चुंमोतेर ने बताव." मुंबईला गेलो की फोर्टातल्या दुकानांत मीही रुपये उलटे करून सहावं साल बघतो. सापडला तर त्याला द्यायचा की आपल्याकडेच ठेवायचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. पोरगं पुढच्या वर्षी दहावीला जाईल, क्लास लागेल, रविवार जाईल, आणि मोकळ्या हॉलमध्ये आम्ही सगळे एकमेकांना चुकीची वर्षं सांगत सुखानं बसू.

बाकी बाजार आपला बाजार आहे. गेल्या प्रदर्शनात तोच प्लॅस्टिकच्या डबीतला रुपया पुन्हा त्याच मखमलीवर होता. चिठ्ठी नवी होती: 'महाराजांनी सुरतेत सोडलेला रुपया – अतिदुर्मिळ'. किंमत आधीपेक्षा पाचशेनं जास्त, आणि खाली बारीक अक्षरात: फिक्स रेट.