अँटॉप हिलची वेधशाळा

मुंबईचं तापमान सांगणाऱ्या वेधशाळा दोन : कुलाबा आणि सांताक्रूझ. तिसरी आमच्या अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत आहे. तिला चार चाकं आहेत आणि तिचे हप्ते अजून फिटायचेत.

वेधशाळेचे प्रमुख इन्टेककाका. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वापरतो. उभी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. या वयात माणसं ज्ञानेश्वरी उघडतात. काकांनी टर्बो गाडीचं बॉनेट उघडलं.

मला त्यांनी जिन्यातच गाठलं. हातात चहाचा कप होता, तरी सुटका नव्हती.

“सायकलला हवा भरली आहेस ना कधी? पंप खालून चटका देतो की नाही? टर्बो म्हणजे तोच पंप. फक्त धुराच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेरे घेणारा. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेलीस की कागदावरच्या हिशेबानंच पंचाण्णव पार. प्रत्यक्षात शंभरी ओलांडते. गरम हवा विरळ, विरळ हवेत ऑक्सिजन कमी. वर इंजिन खटखटू नये म्हणून गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. गेली ना ताकद! पैसे मात्र पूर्ण घेतलेत.”

“मग त्यावर उपाय?”

“बशी!” काका गरजले. “उकळता चहा बशीत ओतून फुंकर घालतोस, तसंच. इंटरकूलर ही बशी आणि समोरून येणारा वारा ही फुंकर.”

तोवर माझा चहा बशीशिवायच निवला होता.

आता फुंकर बसायची तर गाडी पळायला हवी, आणि अँटॉप हिलहून दादरला निघालेली गाडी पळत नाही, रांगते. उभ्या गाडीत इंजिनाची धग बशीलाच तापवते. काकांचं सगळं दुःख या एका वाक्यात आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात त्यांनी एक चिमुकलं ब्लूटूथ यंत्र खोचलंय, आणि डॅशबोर्डावर गणपतीच्या जागी आता मोबाइल आलाय. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, म्हणजे ‘इन्टेक’चं, तापमान त्यावर दिसतं. गणपती हँडब्रेकजवळ सरकलेत. सिग्नलला आकडा वाढू लागला की काका त्यांच्याकडेच बघतात.

आकडे वहीत उतरतात. मी ती वही पाहिली आहे. लाल रेघा, पाच रकाने : ठिकाण, बाहेरचे, आतले, तफावत, शेरा. ‘वडाळा आरटीओ. 33. 58. 25. पुढे ट्रक.’ ‘दादर टीटी. 34. 66. 32. खुलासा मागवावा.’ कोणाकडून मागवावा, ते लिहिलेलं नाही.

मग तापमान उतरवण्याची मोहीम निघाली. पोळ्या गुंडाळायची चांदी घरातून नाहीशी झाली आणि बॉनेटखालच्या पाइपावर सापडली. काकूंची तुळशीवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटलीही गेली. “अहो, ती झाडांची आहे,” काकू म्हणाल्या. काकांनी दाखला दिला : सुबारूच्या इम्प्रेझावर इंटरकूलरला पाणी मारायचा फवारा कंपनीच बसवून द्यायची. 1962 सालच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये तर इंजिनात जाणाऱ्या हवेतच पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण सोडत. पण टाकी भरायला लोक विसरत, म्हणून ती कल्पना बुडाली. “मी विसरणारा नाही,” काका म्हणाले. त्या नादात दूध आणायचं मात्र तीनदा राहिलं.

सावलीसाठी गाडी पर्जन्यवृक्षाखाली लागली. तापमान उतरलं, पण कावळ्यांनी टपावर स्वतःचा शेरा मारला.

शेवटी मे महिन्यातल्या एका पहाटे, साडेपाचला, माझं दार वाजलं. साक्षीदार हवा होता. भक्ती पार्कवरून आम्ही ईस्टर्न फ्रीवेवर चढलो. 2013 साली हा रस्ता खुला झाला तेव्हा लोकांना वाटलं, तो फोर्टात लवकर पोचण्यासाठी आहे. मोकळा रस्ता, डावीकडे मिठागरांकडून येणारा वारा, काटा सत्तरवर. मोबाइलवरचा आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरू लागला : 55, 49, 44, 40. बाहेर 29. काकांनी श्वास रोखला, जणू त्यांच्या उच्छ्वासानं बिघडलं असतं. “तफावत अकरा,” ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. गाडीचा एसी बंद होता. तो चालू केला की समोरचा कंडेन्सर तापतो आणि बशीला गरम वारा लागतो. साक्षीदाराच्या शर्टातून पाणी गळत होतं.

परत आलो तर काकू पोळ्या करत होत्या. क्वार्टरचं स्वयंपाकघर, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. ओट्यावर वही उघडी होती आणि भिंतीवर थर्मामीटर, तो काकांनीच ‘संदर्भासाठी’ लावलेला. शेवटच्या नोंदीचं अक्षर काकांचं नव्हतं, आणि पानाला पीठ लागलं होतं.

‘ओटा. 29. 39. 10. इंटरकूलर नाही.’

काकांनी ते दोनदा वाचलं. तफावतीची वजाबाकी तपासली, बरोबर होती. खोडाखोड तर करता येत नाही. खिशातून त्यांनी हिरव्या शाईचं पेन काढलं आणि खाली लिहिलं, ‘आक्षेप नोंदवला. अनुपालनासाठी मुदतवाढ मिळावी.’