एक नग लेथ

कोल्हापुरात ‘घरी लेथ बनवतोय’ असं म्हटलं की समोरचा माणूस आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, ‘‘का ओ? उद्यमनगर बंद पडलं काय?’’ त्याचा प्रश्न रास्त असतो. शिवाजी उद्यमनगरात शिरलं की चार पावलांवर एक शटर, आणि शटरच्या आत फिरता चक. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसी धरल्या तर ज्या घरात कुणी ना कुणी टर्नर, फिटर किंवा मोल्डर नाही, असं घर शोधावं लागेल. अशा गावात आणखी एक लेथ, तोही घरच्या पडवीत, तोही आयुष्यभर पोरांना हिंदीचं व्याकरण शिकवलेल्या माणसाला, कशाला हवा?

सोऱ्यासाठी.

आमचा पितळी सोऱ्या सासूबाईंच्या हातचा. त्याच्या दांड्याचे आटे झिजले. चकली पाडताना दांडा मध्येच सटकायचा आणि चकलीचं कडबोळं व्हायचं. दांडा पिशवीत घालून मी उद्यमनगरात गेलो. पहिल्या वर्कशॉपमधला पोरगा म्हणाला, ‘‘किती नग?’’ मी म्हटलं, ‘‘एक.’’ त्यानं दांडा परत माझ्या पिशवीत ठेवला. दुसरीकडं मालक स्वतः होते. ‘‘सर, एका नगासाठी सेटिंग मोडू व्हय?’’ त्यांचंही खोटं नव्हतं. मशीनवर पंपाच्या शाफ्टची थप्पी लागलेली. माझ्या दांड्यासाठी गिअर बदला, टूल घासा, आटे मोजा, नि एवढं करून पैसे मागणार किती? तिसरीकडं एक वयस्कर मेस्त्री भेटले. ‘‘ठेवून जावा,’’ म्हणाले. ठेवून आलो. दिवाळी आली, गेली, चकल्या विकतच्या खाल्ल्या. तुळशीचं लग्न लागल्यावर दांडा तयार झाला, आणि असा सुरेख झाला की बघत राहावं. पैसे विचारले तर मेस्त्री म्हणाले, ‘‘तुमच्याकडनं काय पैसे घ्यायचे सर? चहा सांगा.’’

इथंच मी फसलो. पैसे घेतले असते तर उशिराबद्दल चार शब्द बोलता आले असते. फुकट काम करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि पुन्हा त्याच्याकडं जायला पाय उचलत नाही. त्या दिवशी ठरवलं, आपला स्वतःचा लेथ पाहिजे.

हे मी घरी बोललो ते थोरल्या मेहुण्यांसमोर. अण्णा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू विकत आणली की ती त्यांना स्वतःच्या पराभवासारखी वाटते. मी म्हणालो, ‘‘एखादा लहान लेथ घ्यावा म्हणतो.’’ अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली.

‘‘घ्यायचा? पाव्हणं, इकत घ्याला पैसे लागत्यात. कराला डोकं लागतंय.’’

आणि मग सुरू झालं कोल्हापूर. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव काय? मेस्त्री! खरोखर मेस्त्रीच. आनंदराव आणि बाबूराव या दोघा भावांनी देशी सिने-कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा इथंच तयार केला, आणि त्या कॅमेऱ्याच्या जोरावर 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. अण्णा बोट नाचवत म्हणाले, ‘‘घरी केल्याला मशीनचा पुतळा हुतोय. इकत आणल्याला मशीनचा कुठं बघिटलासा काय?’’

याला उत्तर नव्हतं. तरी मी म्हणून बघितलं की ते दिवस महायुद्धाचे होते, परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता, बाबूरावांपुढं दुसरी वाट नव्हती, माझ्यापुढं आहे. अण्णांनी ते ऐकलं नाही. ते एव्हाना किर्लोस्करवाडीला पोचले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर काढला, 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी ओतायला दिल्या, अशी हकिगत आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. अण्णांचा मुद्दा असा, की ज्या मुलखात तोफेचा नांगर होतो, तिथं आमच्या माडीवरच्या भंगाराचा लेथ व्हायला काय हरकत आहे. माझा मुद्दा असा होता की आमच्याकडं तोफ नाही. आमच्याकडं बंद पडलेलं शिलाई मशीन आणि स्कूटरची दोन चाकं आहेत.

मग अण्णांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. अमेरिकेत डेव्ह जिंजरी नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी 1980 च्या सुमारास पुस्तकांची एक मालिकाच लिहिली, भंगारातून अख्खं वर्कशॉप कसं उभं करायचं यावर. आधी कोळशाची भट्टी करायची. तीत जुनं ॲल्युमिनियम वितळवून, वाळूत ओतून लेथचे भाग काढायचे. लेथ झाला की त्याच्या मदतीनं शेपर, मग मिलिंग, मग ड्रिल. प्रत्येक मशीन पुढच्या मशीनला जन्म देतं. वाचायला फार गोड. अडचण एवढीच की पहिली पायरी भट्टीची, आणि अण्णांनी तिची जागा आमच्या गच्चीवर आखली होती. सौ. म्हणाली, ‘‘गच्चीवर माझे सांडगे असतात.’’ भट्टीचा विषय तिथं संपला.

तसाही तो संपायला हवाच होता. कोल्हापुरात घरी ओतकाम करणं हा फाउंड्रीवाल्यांचा अपमान आहे. उसाला नदीचं पाणी उपसायला ऑईल इंजिनं लागली, इंजिनांना बिडाचे भाग लागले, आणि त्यावर इथल्या भट्ट्या पोसल्या. पुढं त्या मोटारींचे भाग ओतू लागल्या. बीड ओतून घेण्यात अडचण नाही. अडचण पुन्हा तीच. अण्णा लेथच्या बेडचा, म्हणजे पायाचा, लाकडी पॅटर्न काखोटीला मारून फाउंड्रीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘‘महिन्याला किती टन?’’

‘‘एक नग.’’

‘‘महिन्याला?’’

‘‘जलमात.’’

साहेब भले होते. हीट संपताना उरलेल्या धातूत ओतून देतो म्हणाले. पॅटर्न हातात घेऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं, की श्रिंकेज धरलंय ना? बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून अंमळ मोठा. अण्णांनी पॅटर्न शाळेच्या पट्टीनं केला होता. त्यांनी क्षणभरही न डगमगता सांगितलं, ‘‘धरलंय की.’’ घरी आल्यावर मला म्हणाले, लेथ थोडा धाकटा होईल, पण एकाच लेथचे सगळे भाग सारखेच धाकटे झाले तर कुणाला कळणार आहे?

बेड ओतून आला. काळाकभिन्न, वाळू चिकटलेला, दोघांनी उचलायचा. आता तासायचा, अशा उत्साहानं मी उद्यमनगरातल्या त्याच मेस्त्रींना घरी आणलं. चहाचं निमित्त होतंच. त्यांनी बेडवरनं हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘ह्याला आधी मुरू द्या.’’ ताज्या ओतीव बिडात आतले ताण राहिलेले असतात. लगेच घासून सरळ केलं तर काही महिन्यांनी ते आपोआप वाकडं होतं. जुने कारखानदार बेड महिनोन्‌महिने उन्हापावसात उघड्यावर टाकून ठेवत. लोणचं मुरवावं तसं बीड मुरवायचं. फरक इतकाच की लोणच्याची बरणी फडताळात मावते. आमचा बेड अंगणात मुरला. कोल्हापूरचा पावसाळा त्यानं पुरता खाल्ला. सौ.नं त्यावर कपडे आपटून बघितले आणि धोंड्यापेक्षा बरा असल्याचं सांगितलं. गल्लीतल्या पोरांनी उभा करून स्टंप म्हणून वापरला, तेव्हा मात्र अण्णा धावून गेले.

त्या चहाच्या वेळी मेस्त्री जे बोलले ते मला आजही कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठं वाटतं. मी विचारलं होतं, ‘‘मेस्त्री, लेथ करायला काय काय लागतं?’’

‘‘लेथ लागतो.’’

‘‘मग जगातला पहिला लेथ कसा केला?’’

त्यांनी बशीतला चहा फुंकला. ‘‘पयला चुकीचा झाला असणार. त्याच्यावर दुसरा जरा बरा केला. तिसरा बरोबर आला.’’

यंत्रविद्येचा इतिहास याहून फार वेगळं काही सांगत नाही. इंग्लंडात हेन्री मॉडस्लीनं 1800 च्या आसपास अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला, तेव्हा त्याच्याजवळ त्याहून अचूक लेथ कुठं होता? वाकड्यातून सरळ काढायची एक युक्ती त्याच्या कारखान्यात होती, आणि त्याच्याच हाताखाली शिकलेल्या व्हिटवर्थनं ती पुढं जगाला दिली. एका प्लेटवर दुसरी घासून दोन्ही सपाट होतील याची खात्री नसते. एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी त्या एकमेकींवर चपखल बसतात. म्हणून तीन प्लेट घ्यायच्या आणि आळीपाळीनं प्रत्येकीला इतर दोघींशी पडताळायचं. तिघी एकमेकींवर बसल्या, तर मग त्या सपाटच असायला हव्यात. दुसरी शक्यता उरत नाही. पडताळायचं कसं, तर एकीला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथं निळं उमटेल तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. वीज नको, मोटर नको, फक्त मनगट आणि संयम.

अण्णांकडं मनगट आहे. दसरा झाल्यावर त्यांनी स्क्रेपिंग सुरू केलं. खंडेनवमीला त्या अर्धवट बेडला झेंडूचा हार घालून पूजाही केली होती. चालणाऱ्या मशीनचीच पूजा करावी असं कुठं लिहिलंय? तेव्हापासून आमच्या घरात निळं पसरायला लागलं. कपाच्या कानाला निळं, फ्रीजच्या दांडीला निळं, देवघरातल्या घंटेलाही निळं. माझ्या पेन्शनच्या पासबुकावर अण्णांचा अंगठा असा स्पष्ट उमटला आहे की बँकेनं तो सहीऐवजी मान्य करावा.

या काळात मी गुपचूप विकतचे लेथ बघून आलो. हे अण्णांना ठाऊक नाही. नवे बटाल्याचे आणि राजकोटचे मिळतात. टेबलावर मावणारे चिनी खेळणेवजा लेथही मिळतात. पण माझा जीव जुन्यावर. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करांचे लेथ अजून लोक हुडकत फिरतात. तो कारखाना 1941 चा, आता बंद पडलेला, पण त्याच्या मशीनचं नाव काढलं की उद्यमनगरातला म्हातारा टर्नर जरा ताठ बसतो. एचएमटीचा लेथ आमच्या पडवीत ठेवायचा तर आम्हाला बाहेर राहायला जावं लागेल.

जुना लेथ बघायचा कसा, तेही मेस्त्रींनीच शिकवलं. रंगाकडं बघायचंच नाही. विकायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीनला हिरवा नाहीतर करडा रंग मिळतो. बेड झिजतो तो चकजवळ, कारण सगळं काम तिथंच चालतं. टेलस्टॉकच्या बाजूला तो नव्यासारखा राहतो. म्हणून बेडवर सरकणारं सॅडल चकपाशी न्यायचं, तिथं हलकंसं आवळायचं आणि शेपटाकडं फिरवत न्यायचं. मध्येच जाम झालं, तर जितकं लवकर जाम होईल तितकी किंमत पाडायची. मी एका ठिकाणी हे करून बघितलं. सॅडल वीतभर सरकलं आणि थांबलं. विकणारा म्हणाला, ‘‘थंडीनं आखडलंय.’’ तेव्हा वैशाख चालू होता.

शिवाय विकतच्या लेथला जी शेपूट असते ती कुणी किमतीत धरत नाही. थ्री-फेजचं कनेक्शन, गल्लीत न शिरणारी हायड्रा क्रेन, पडवीखालचं काँक्रीट, आणि मग चक, ड्रिल, टूल, मायक्रोमीटर, डायल. हे सगळं ऐकून सौ.नं विचारलं, ‘‘एवढ्यात सोऱ्ये किती येतील?’’ मी हिशेब केला नाही. कोल्हापुरातल्या सगळ्या सुनांना एकेक पुरला असता.

अण्णांकडं मात्र हिशेबाची वही आहे. पॅटर्नचं सागवान, ओतकाम, टेम्पो, बेअरिंग, जुनी मोटर, निळ्या रंगाच्या ट्यूबा. बेरीज ते मला दर महिन्याला दाखवतात आणि दर वेळी ती विकतच्या लेथपेक्षा थोडी कमी असते. त्यात चहा धरलेला नाही, अण्णांची मजुरी धरलेली नाही, आणि मधली काही पानं फाडलेली आहेत. मी विचारत नाही. संध्याकाळी स्क्रेपरचा खर्र खर्र आवाज सुरू झाला की गल्लीतले चार निवृत्त लोक पडवीत येऊन बसतात, बेडवर वाकून उंचवटे मोजतात, आणि लेथ कधी होणार हे कुणीच विचारत नाही. अण्णांचं वजन उतरलं, साखर उतरली. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? अण्णांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘चालू ठेवा. घाई करू नका.’’

अण्णांनी डॉक्टरांचं तंतोतंत ऐकलं आहे. पण सोऱ्याला आता नवा बुश लागतोय आणि दिवाळी तोंडावर आली आहे. तेव्हा वाचकांना विनंती अशी : कुणाच्या शेडमध्ये साडेचार फुटी, चालू स्थितीतला, रंग न दिलेला लेथ पडून असेल तर जरूर कळवा. पैसे रोख देईन. फोन दुपारी करा, अण्णा तेव्हा झोपलेले असतात.