उपवासाला चालतं का?

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी परदेशातून आलेल्या भाच्याने सासूबाईंच्या हातावर काळ्या चॉकलेटची एक वडी ठेवली. वेष्टनावर ‘८५ टक्के कोको’ असं छापलेलं. सासूबाईंनी ती तोंडात टाकली, कडुनिंबाचा रस प्यायल्यासारखा चेहरा केला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, “हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?”

आमच्या घराण्यात जे कडू ते औषधी, असा पक्का समज आहे. कारलं, मेथ्या, काडेचिराईत या सगळ्यांनी आम्हाला एवढं छळलंय की गुण आला नसता तर तो आमचाच अपमान झाला असता. आणि गंमत म्हणजे चॉकलेटच्या बाबतीत सासूबाईंचा समज बराचसा खरा निघतो. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं असतात. रक्तवाहिन्या जरा सैलावतात, रक्तदाब किंचित उतरतो, असं जे काही भलं चॉकलेटच्या नावावर सांगतात, ते मुख्यतः यांच्या जिवावर. आणि कोकोचा तुरट-कडवटपणाही बराचसा यांचाच. तो जिभेला सोसत नाही म्हणून कारखान्यात कोकोला अल्कलीचा हात देतात. ही एकोणिसाव्या शतकातली डच युक्ती. त्याने चव मवाळ होते, रंग आणखी गडद होतो आणि फ्लॅव्हॅनॉल मोठ्या प्रमाणात निघून जातात. म्हणजे रंगाने काळाकुट्ट कोको पाहून भुलू नये. कारल्याला मीठ चोळून पिळून काढायचं आणि वर ‘कारलं प्रकृतीला चांगलं’ म्हणत गूळ घालून भाजी खायची, त्यातलाच प्रकार.

दुधाच्या चॉकलेटची गोष्ट मी सासूबाईंना सांगितलीच नाही. शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम साखर! तिथे कोको पाहुण्यासारखा येऊन जातो. लोणावळ्याच्या फजचा तर या चर्चेत विषयच नको. तो आनंदाचा भाग आहे, आरोग्याचा नाही.

काळ्या चॉकलेटची बाजू घ्यायची तर त्यात लोह आहे, मॅग्नेशियम आहे. पण शंभर ग्रॅमला सहाशेच्या आसपास कॅलरीही आहेत आणि चाळीसेक ग्रॅम स्निग्धांश आहे. लोहासाठी चॉकलेट खाणं म्हणजे चालायचा व्यायाम व्हावा म्हणून मिठाईच्या दुकानात पायी जाण्यासारखं आहे. (हे मी केलेलं आहे. वजन वाढतं.)

भाचा मात्र हटेना. “मामी, अभ्यास झालेत!” झालेत खरेच. अमेरिकेत एकवीस हजारांहून जास्त वयस्कर माणसांना घेऊन साडेतीन वर्षांच्या वर एक मोठा प्रयोग चालला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल दिले. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये खात्रीने म्हणावी अशी घट दिसली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले, आणि त्यावरून ठाम काही बोलू नये असं तज्ज्ञांनीच सांगितलं. पण मला खटकलं ते वेगळंच. त्या माणसांना हे सगळं कॅप्सूलमधून दिलं होतं! साडेतीन वर्षं चॉकलेटच्या नावाने गोळ्या गिळायच्या आणि जिभेला पत्ता नाही. देव असं कुणाच्या नशिबी न लिहो.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो. २०१५ साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने जर्मनीत पंधरा माणसं जमवली, काहींना पथ्याबरोबर रोज चॉकलेट खायला दिलं, आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशी अठरा मापं घेतली. माणसं मूठभर आणि मापं ढीगभर, म्हणजे कुठेतरी काहीतरी जुळणारच. जुळलं. ‘चॉकलेटने वजन लवकर उतरतं’ असा निबंध त्याने पैसे भरून छापून आणला आणि देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी तो आनंदाने उचलला. मग त्याने जाहीर केलं की ही सगळी थट्टा होती. थट्टा कुणाची, हे न सांगता कळलं. मला तरी कळलं, कारण तशीच एक बातमी कापून मी फ्रिजला चिकटवली होती.

माणसाला चॉकलेट चांगलं की वाईट हे जाणून घ्यायचंच नसतं. त्याला फक्त कुणीतरी ‘चालेल’ म्हणायला हवं असतं. आपण डॉक्टरांकडून म्हणवून घेतो, सतराव्या शतकात स्पेनमधली माणसं धर्मगुरूंकडून म्हणवून घेत. चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का, यावर तिथे इतका काथ्याकूट झाला की अँटोनिओ दे लेऑन पिनेलो या गृहस्थांनी १६३६ साली माद्रिदमध्ये त्यावर अख्खा ग्रंथ छापला. पुढे रोममधल्या एका कार्डिनलने निवाडा दिला, की पेयाने उपवास मोडत नाही. आमच्या सासूबाई एकादशीला चारदा चहा घेतात तोही याच कलमाखाली.

तेव्हा एकादशीच्या दुपारी खुद्द सासूबाईंनी प्रश्न टाकला, “अगं, ते कडू औषध उपवासाला चालतं का?”

मी खिचडीची ताटली पुढे ठेवत म्हटलं, “आई, या ताटलीतलं काय आपलं आहे? साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेचीच. सगळी मंडळी जहाजातून आली आणि तुमच्या उपवासात बसली. कोकोही त्याच गावचा. मग त्यानेच काय पाप केलंय?”

सासूबाईंनी खिचडीचा घास थांबवला. चार पिढ्यांची चूक उघडकीला आल्यासारखं क्षणभर ताटलीकडे पाहिलं. मग घास खाल्ला आणि म्हणाल्या, “मला काय आहे त्यात ते वाचून दाखव.”

भिंग आणलं. “कोको.”

“बी. चालेल.”

“साखर.”

“चालेल.”

“कोको बटर.”

“लोणीच ना? चालेल.” ते बियांतलं तेल असतं, हे मी पोटात ठेवलं.

“सोया लेसिथिन.”

“सोया म्हणजे?”

“सोयाबीन. पण आई, अगदी चिमूटभर असतं, वडी एकजीव व्हावी म्हणून…”

“कडधान्य!” सासूबाईंनी पट्टी माझ्या हातात परत दिली. “बाद.”

द्वादशीला सकाळी पारण्याच्या ताटात वरणभाताशेजारी त्यांनी दोन वड्या मागून घेतल्या. एक जेवणाआधी, एक जेवणानंतर.