पुन्हा नवागत केल्याबद्दल आभार

प्रति,
समन्वयक, मुक्त सॉफ्टवेअर प्रचारमोहीम
(संस्थेचं नाव लिहीत नाही. तुम्हीही माझं गाळलंच आहे.)



‘नवीन आहात? स्वागत आहे!’ हे आपलं ईमेल परवा बुलढाण्यात पोचलं. वाचून भरून आलं. या वयात पुन्हा नवं व्हायला मिळणं सोपं नाही. मोहिमेचं ‘नवं पर्व’ सुरू झाल्यामुळे जुने गुण शून्य केलेत, माझं जुनं खातं ‘निष्क्रिय’ ठरवलंत आणि प्रचारक व्हायचं तर मी आधी ‘मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय’ हा प्राथमिक पाठ पुरा करावा, असं आपण कळवलंत. पाठ उघडला. मराठी ओळखीची वाटली. माझीच होती. खाली नाव तेवढं नव्हतं.

ही वाक्यं मी भारनियमन सांभाळून रात्री मराठीत केली होती. बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणून तुमच्या सीडींचं खोकं मलकापूरहून एसटीत मांडीवर घेऊन राजूर घाट चढलो होतो. सायबर कॅफेवाला विचारायचा, “फुकट हाये त मंग याच्यात खोट काय हाये, भाऊ?” तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आता येईल.

तसा तुमच्या जगात स्वयंसेवकांच्या जिवावर प्रचार करण्याचा रिवाज जुनाच. 2004 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरसाठी स्वयंसेवकांनी वर्गणी केली, 16 डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात आली. देणगीदारांची हजारो नावं होती, भिंगाने वाचावी इतकी बारीक. पण छापली तरी! 2014 मध्ये फायरफॉक्स ओएसचा दोन हजारांच्या आतला फोन भारतात आला. डिसेंबर 2015 मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने फोनचा नाद सोडला. दुकानदाराला निदान कमिशन मिळालं असेल. फुकट गुण गाणाऱ्याने गावात कोणत्या तोंडाने फिरायचं?

मला टी-शर्ट नको. स्टिकर तर मुळीच नको. पण कोणत्या ओळीतला स्वल्पविराम कोणी, कधी बदलला याची तारीखवार नोंद ठेवणारे लोक तुम्ही. मूळ लेखकाची हक्कसूचना पुसायची नाही, ही तुमच्या परवान्यातलीच अट. मग कोड लिहिणारा अमर, आणि तो गावोगाव पोचवणारा ‘निष्क्रिय खातं’? लाज वाटत नाही? एक साधी यादी सांभाळता येत नाही, आणि जगाला स्वातंत्र्य शिकवायला निघालात!

मग ईमेलची वेळ पाहिली. रात्रीचे पावणेतीन. म्हणजे तुम्हीही बिनपगारीच. दिवसा नोकरी, रात्री हे. मजकूर वरून आलेला, खाली सही तुमची. ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे पगारी माणसं कमी केली, तेव्हा निदान बातमी तरी झाली. तुमच्या-माझ्यासारख्यांना वगळायला एवढीही खटपट लागत नाही. केलेल्या कामाची यादी आजच कागदावर छापून घरी ठेवा. हे उपरोधाने लिहीत नाही.

आपला,
एक नवागत

ता. क. चिखलीच्या मेळाव्याच्या फ्लेक्सचे पैसे मोहीम देणार होती, ते राहिलेत. फ्लेक्सवाला नवं-जुनं पर्व मानत नाही. त्याच्या उधारीच्या वहीत माझं नाव ठळक आहे.