अर्ध्या मिनिटाचं कुंपण

अहो, ऐकलंत का? ऐकलं तर असणारच म्हणा. काल रात्री साडेअकराच्या सुमाराला जो गलका झाला तो धरणाच्या तेहतीसही दारांवर आपटून परत आला असेल, मग तुमच्या पांघरुणात शिरला नसेल होय? पण नुसता गलका ऐकून काय कळणार? कोण आधी ओरडलं, कोण मागून ओरडलं आणि मधल्या वेळात कोणाचं तोंड कसं झालं, त्यात सगळी गंमत. या ना जरा कुंपणाशी. शेंगा सोलता सोलता सांगते. हळू बोला मात्र, गुरुजी अजून उठायचे आहेत.

आता काल दिवसभर काय होतं ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. बोटावरची शाई माझीही गेली नाही अजून. राज्यातल्या 7,751 ग्रामपंचायतींचं मतदान, त्यातल्या साडेतीनशेच्या वर एकट्या आपल्या भंडारा जिल्ह्यात. वरून सरपंच थेट जनतेतून. म्हणजे महिनाभर कोणी कोणाच्या ओट्यावर चहा प्यायचा हेसुद्धा ठरलेलं! गुरुजींचं अंगण एका पॅनलचं, मागच्या पानठेलेवाल्या भाऊंचं अंगण दुसऱ्या पॅनलचं. मधे हे एवढंसं मेंदीचं कुंपण, पण महिनाभरात त्यावरून वाटीभर साखर इकडची तिकडे गेली नाही. साडेपाचला मतदान संपलं, मशिनी सील होऊन गेल्या. मतमोजणी उद्या. मग कालची रात्र काढायची कशी? पुरुषमंडळींच्या अंगात भांडणाची खुमखुमी तर तशीच उरलेली... आणि साडेआठला फुटबॉलची फायनल!

गुरुजी मेस्सीचे, हे तर जगजाहीर. 1986 साली मेक्सिकोचा वर्ल्डकप दूरदर्शननं दाखवला, तेव्हा गुरुजी नवीनच नोकरीला लागले होते. फायनल आपल्याकडच्या रात्री साडेअकराला. गावात टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाइट, आणि अँटेना फिरवायला एक पोरगा कौलावर बसवलेला. मॅरेडोनानं कप उचलला तो क्षण गुरुजींना दिसलाच नाही, नेमक्या त्या वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. तेव्हापासून ते अर्जेंटिनावाले. त्यांच्या बाई तर म्हणतात, "आमच्या लग्नाची तारीख विसरतील, पण मॅरेडोनाची नाही." हिशेब कसा लावतात बघा: "मॅरेडोनानं कप जिंकला तेव्हा आपल्या धरणाची पायाभरणीसुद्धा व्हायची होती. राजीव गांधी आले ते 1988 च्या एप्रिलात." आता अर्जेंटिनाला पुन्हा कप मिळायला 36 वर्षं लागली, पण मिळाला एकदाचा. आपल्या कालव्यांचं काम अजून चालूच आहे. असो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ते रडगाणं आज नको.

तर काय सांगत होते? हां, गुरुजी अर्जेंटिनाचे म्हटल्यावर मागचं अंगण आपोआप फ्रान्सचं झालं! अहो, फ्रान्स कुठे आहे हे तिथल्या निम्म्या पोट्ट्यांना नकाशात दाखवता येणार नाही. ओळखीचा माणूस एकच, एम्बापे. त्यालाही कोणी 'अंबाप्पा' म्हणत होतं, कोणी 'बापू'. पण गुरुजींच्या पॅनलला पाडायचं म्हणजे पाडायचं.

आता बघायची सोय ऐका. गुरुजींकडे छतावर डिश. स्पोर्ट्स18 चॅनलचं रिचार्ज त्यांनी वर्ल्डकप सुरू झाला तेव्हाच, नोव्हेंबरात, मारून ठेवलं होतं. बाईंना विचारलंसुद्धा नाही. भाऊंचं म्हणणं, पैसे कशाला द्यायचे? यंदा जिओसिनेमावर सगळे सामने फुकट आहेत, सिम कोणत्याही कंपनीचं चालतं. मग मोबाइल टीव्हीला जोडला, टीव्ही उचलून अंगणात आणला, खाली ताडपत्री, बाजूला शेकोटी. रात्र रात्र झाडीपट्टीचं नाटक बघणारी माणसं आपली, थंडीला थोडीच ऐकतात!

पण फुकट म्हणजे फुकट नसतं हो. अॅप फुकट, पण नेट कोणाचं? भाऊंचा दिवसाचा दीड जीबी पहिल्या हाफमध्येच संपला. मग आवाज आला, "सूनबाई, तुमचा फोन द्या जरा, हॉटस्पॉट लावतो." आणि सूनबाई त्या वेळी व्हिडिओ कॉलवर, आईशी! काय बोलत होती ते मी नाही सांगत... तशी सासूबाईंच्या भाजीतल्या मिठाबद्दलच बोलत होती म्हणा. कॉल तसाच चालू, फोन सासऱ्याच्या हातात, आणि पलीकडून आईचा आवाज, "मग तुझी सासू काय म्हणाली?" अहो, ताडपत्रीवर वीस माणसं! सासूबाईंचा चेहरा शेकोटीच्या उजेडात मी स्वतः पाहिलाय. मेस्सीचं सोडा, मला तर तिथंच कप मिळाला.

तर काय सांगत होते? अर्धा मिनिट. सगळं रामायण त्या अर्ध्या मिनिटाचं.

तेविसाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली. गुरुजींच्या अंगणातून "गोऽऽल!" आणि भाऊंच्या टीव्हीवर मेस्सी अजून बॉल ठेवतोय! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "हे काहून ओरडून राहिले बे? लाईट गेली का त्याहिची?" तेवढ्यात यांच्या पडद्यावर गोल. छत्तिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. डी मारिया धावतही नव्हता आणि इकडे आरोळी. तेव्हा कुठे यांच्या डोक्यात प्रकाश पडला की गुरुजींचा टीव्ही पुढे आहे आणि आपला मागे.

आपला तो डिश बसवणारा पोरगा नाही का, तो होताच तिथे चहा पीत. त्यानं समजावून सांगितलं. म्हणे डिशचं चित्र वर उपग्रहापर्यंत जातं, 36,000 किलोमीटर, आणि खाली येतं, तरी पाव सेकंद लागतो. मोबाइलवरचं चित्र मात्र काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. मधे ते कंपनीच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरवर थांबतं. आपला फोनही दोन-चार तुकडे आधी साठवतो, मधेच अडकू नये म्हणून, आणि मग दाखवतो. कोणतंही अॅप घ्या, थोडंफार असंच. भाऊ म्हणाले, "म्हणजे आभाळातून फिरून येणारं आधी पोचते, अन् आपल्या गावच्या टॉवरवरून येणारं मागून?" पोरगा म्हणाला, "हाव जी."

बरं, मग काय झालं असेल? टीव्ही बघणं राहिलं बाजूला, सगळे कुंपणाकडे कान लावून बसले! ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन, फ्रान्स शून्य. गुरुजींकडे तर पेढे आणायची गोष्ट निघाली होती. आणि एकाएकी त्यांच्या अंगणात चिडीचूप. कोणी खोकलंसुद्धा नाही. इकडे भाऊ ताडकन उठले. "पोट्टेहो, उठा! काहीतरी झालं!" आणि खरंच, एम्बापेची पेनल्टी. यांचा जल्लोष अजून ओसरला नव्हता तर तिकडून गुरुजींचा आवाज, "अरेरेरे!" लगेच दुसरा गोल. दीड मिनिटात दोन! यांनी दुसऱ्याला तर बॉल मारायच्या आधीच डफडं वाजवायला घेतलं. बाई मला आज पहाटे नळावर सांगत होत्या, "यांनी त्या मिनिटाला बीपीची गोळी मागितली हो."

एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीचा एक, मग एम्बापेचा पेनल्टीवर आणखी एक. तीन-तीन. गुरुजींनी तशा अवस्थेतही इतिहास सोडला नाही. फायनलमध्ये तीन गोल मारणारा 1966 नंतर हा पहिलाच, म्हणे. तसं पाहिलं तर काल गुरुजींमुळे दोन्ही अंगणांची सोय झाली. अॅपवर हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम, बंगाली, सगळ्या भाषा. मराठी? नाव नको. मग गुरुजींनीच टीव्हीचा आवाज बंद करून मराठीत सांगायला घेतलं, शाळेच्या स्पर्धेत सांगायचे तसं. कुंपणापलीकडची मंडळी चोरून तेच ऐकत होती. एका पॅनलचं समालोचन, दुसऱ्या पॅनलचे कान!

आणि आता मुख्य. जवळ या. सामना संपायला काही क्षण. गुरुजींच्या अंगणातून एकदम किंकाळी, "गेलाऽऽ! गेला रे गेलाऽऽ!" बस, भाऊंकडे सगळे उभे! कोणी गुलाल काढला, उद्याच्या निकालासाठी आणलेला. कोणी भाऊंना खांद्यावर घेतलं. डफडं तर असं बडवलं की कुत्री पळाली. आणि अर्ध्या मिनिटानं यांच्या पडद्यावर काय? तो फ्रान्सचा पोरगा, कोलो मुआनी, एकटा गोलकीपरसमोर. मारला त्यानं. आणि अर्जेंटिनाच्या मार्टिनेझनं पाय लांब करून अडवला! गोल झालाच नाही हो! गुरुजी आपले भीतीनं ओरडले होते. बॉल यायच्या आधीच त्यांनी जीव सोडला होता. भाऊ खांद्यावर तसेच, कपाळाला गुलाल, तोंड उघडं. त्यांना खाली उतरवायचंसुद्धा कोणाला सुचेना. मी खिडकीत होते. हसू दाबता दाबता पोटात कळ आली, शप्पथ.

पुढचं शूटआउट तुम्हाला ठाऊक आहे. कोमानचा अडवला, चुआमेनीनं बाहेर मारला, शेवटची माँटिएलनं घातली. 4-2. पण भाऊंकडे ते बघायला ताडपत्रीवर उरले तिघं. बाकीचे एकेक करून कुंपणाशी येऊन उभे राहिले होते, गुरुजींच्या टीव्हीकडे माना उंच करून! मग बाईंनीच म्हटलं, "आता उभे काहून जी? या, बसा." आणि कुंपणाला ती कुत्र्यांनी पाडलेली फट आहे ना, तिच्यातून सगळं विरोधी पॅनल आत. भाऊ आले शेवटी, गुलाल पुसत. बाईंनी चहा ठेवला. साखर संपली होती म्हणे, तर सूनबाईनं घरून आणून दिली. महिन्यानं पहिल्यांदा, कुंपणावरून!

बाकी बक्षीस समारंभही बघितला असेल तुम्ही? सामन्याआधी कपाची पेटी आपल्या दीपिकानं उघडली, तेवढ्यापुरत्या आम्ही बायकाही बसलो होतो. आणि कप घेताना मेस्सीच्या अंगावर तो काळा झिरझिरीत अंगरखा घातला ना कतारच्या राजानं, तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, याला चंद्रकळा काहून नेसवली?"

हो, आत्याबाईंवरून आठवलं. त्यांच्या खोलीवर आहे ना जुनी फ्री डिशची छत्री, महिन्याचं काही भरायचं नसतं ती? तो डिशवाला पोरगा म्हणत होता की 2007 चा कायदाच आहे, मोठ्या सामन्यांचं चित्र खासगी चॅनलनं दूरदर्शनला द्यायचं. फुटबॉल वर्ल्डकपची सेमीफायनल आणि फायनल त्या यादीत आहे. पण 2017 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते चित्र फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दिसेल, केबलवाल्याच्या किंवा खासगी डिशच्या दूरदर्शनवर नाही. म्हणून चॅनल तेच असतं आणि एका घरात सामना, दुसऱ्या घरात भलतंच काहीतरी. आता हे काल दुपारी सांगितलं असतं तर? आत्याबाईंची छत्री दिवाळीतच वानरांनी लोंबकळून वाकडी केलीय, तेव्हापासून तिच्यावर आम्ही मिरच्या वाळवतोय. पुढचा वर्ल्डकप 2026 ला, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. 48 संघ येणार, आणि कितीतरी सामने आपल्या मध्यरात्री नाहीतर पहाटे. तोवर छत्री सरळ करून घेते म्हटलं.

बरं, शेंगा झाल्या. उद्या पवनीला मतमोजणी. तिथून निकालाचा फोन गुरुजींकडे आधी येतो की भाऊंकडे, यावर आजच पैजा लागल्यात. मला विचाराल तर मी स्वयंपाक सकाळीच उरकून याच जागी उभी राहणार. तुम्हीही या. आणि येताना वाटीभर साखर आणा, कोणीही निवडून आलं तरी चहा लागणारच आहे.