रविवारचे दर्यावर्दी

ठाण्याची खाडी मुलुंडच्या पूर्वेला दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. तेच पाणी पुढे भांडुप, विक्रोळी, वाशीचे पूल करत ट्रॉम्बेच्या धक्क्याशी पोचतं. मुलुंडच्या रविवारच्या दर्यावर्दीला हे ठाऊक नसतं असं नाही. पण घरामागच्या पाण्यात गळ टाकायला बुकिंग लागत नाही, आणि ज्याला बुकिंग लागत नाही ती त्याच्या लेखी सहलच नव्हे. म्हणून तो पहाटे साडेचारला गाडी काढतो आणि आपल्याच खाडीला ट्रॉम्बेला जाऊन गाठतो. बोरिवलीचा दर्यावर्दी तर ह्याच्याही वरताण. गोराई-मनोरीची खाडी उशाशी सोडून तो अख्खी मुंबई आडवी कापून येतो.

ह्या माणसाचं वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड. नोकरी बँकेत नाहीतर संगणकावर. मासे खाण्यात तो पिढीजात, मासे धरण्यात मात्र पहिल्या पिढीचा. आजोबा गावच्या खाडीत गरवायला जात, त्यामुळे हे आपल्या रक्तातच आहे, असं तो सांगतो. आजोबांकडे बांबूची काठी आणि कानात अर्धी विडी एवढीच सामग्री होती. नातवाकडे कार्बन फायबरचा रॉड, जपानी रील, ब्रेडेड लाइन, औषधांच्या डबीसारखे कप्पे असलेला ल्युअरचा डबा, बावीस खिशांचं जाकीट आणि पोलराइज्ड गॉगल. ह्या गॉगलमधून पाण्याखालचं दिसतं म्हणतात. ठाण्याच्या खाडीत गाळच इतका की पाण्याखाली वीतभरही दिसत नाही. पण गॉगल परत करायची मुदत तोवर संपलेली असते.

हे वेड येतं ऑस्ट्रेलियातून, व्हिडिओच्या वाटेने. तिकडच्या नॉर्दर्न टेरिटरीत बारामुंडी नावाच्या माशापायी लोक खुळे झालेले आहेत. 2015 पासून तिथे टॅग लावलेले बारामुंडी पाण्यात सोडतात, आणि त्यातला ठरावीक मासा गळाला लागला तर बक्षीस थेट दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. हा बारामुंडी म्हणजे आपला जिताडा. पेण-अलिबागकडे घरच्या तळ्यात वाढवतात तोच. जन्मतो नर म्हणून आणि वय वाढलं की मादी होतो, असा हा चमत्कारिक प्राणी. दर्यावर्दीला रात्री दीड वाजता हा शोध लागतो आणि तो बायकोला हलवून उठवतो. "अगं, हा तर आपल्याकडेच आहे!"

"कितीला दिला?" बायको झोपेतच विचारते.

मग सुरू होतं बुकिंग. ऑफिसातल्या कुणाच्या तरी मित्राकडून ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एका जाणत्या तांडेलाचा नंबर मिळतो. ही मंडळी त्याला 'गाइड' म्हणतात. त्याची बायको म्हणते, "ह्यो कसला गाइड? घरात सोताचा चष्मा गावत नाय ह्याला."

"काका, येत्या रविवारी सकाळी सहा ते दहाचा स्लॉट आहे का?"

"रविवारी सकाली पानी नाय."

"म्हणजे फुल्ल आहे?"

"फुल्ल नाय, रिकामं हाय. ओहोटी हाय."

"मग आठ ते बारा?"

"दादा, ते मी नाय ठरवत."

"बरं, कॅन्सलेशनचं काय?"

"येऊ नका. झालं कॅन्सल."

"आणि मासा मिळायची गॅरंटी?"

इथे तांडेल थोडा थांबतो. गिऱ्हाइकाला तोडून बोलायचं नसतं. "कालवनाची देतो," तो म्हणतो. "घरी या, बाई करंल."

ह्या दोघांची खरी अडचण अशी की दोघांचे आठवडे वेगळे आहेत. दर्यावर्दीचा आठवडा रविवारी उगवतो. खाडी तिथीवर चालते. मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब कुणालाही करता येईल: पक्षातल्या तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला गणित सव्वाअकरा सांगतं, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि हे सगळं रोज पाऊण तासाहून थोडं जास्तच पुढे सरकतं. चंद्र हे काम फुकट करतो आणि सुट्टीच्या दिवशी जादा फेऱ्या सोडत नाही.

दर्यावर्दीकडे भरतीचं अ‍ॅप असतं. त्यात निळी लाट वरखाली होते, माशाचं चित्र येतं, चित्राशेजारी टक्केवारी येते. तांडेलाकडे कालनिर्णय असतं, तेही गॅस सिलिंडरची तारीख लिहिलेलं. दोन्हींतून उत्तर एकच निघतं, पण अ‍ॅपचे पैसे भरलेले असल्यामुळे विश्वास अ‍ॅपवर.

आता गंमत बघा. रविवारी सकाळी गळ टाकायला सोयीचं पाणी कधी, तर एकादशीला. साडेसहाला पोचावं, चढतं पाणी मिळावं, नाश्त्याच्या वेळेला मोकळं व्हावं. पण एकादशीला घरात आई उपास धरते आणि माशाचं नाव काढू देत नाही. संकष्टीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे दुपारची झोप काढून येण्याजोगी. पण संकष्टी दर्यावर्दी स्वतःच करतो. जून आणि जुलै, 1 तारखेपासून 31 तारखेपर्यंत 61 दिवस, यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी. ती उठते न उठते तोच घरात श्रावण. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. मासा ह्या खाडीत वर्षानुवर्षं टिकून राहिला ह्याचं थोडं श्रेय मराठी पंचांगाला द्यायला हवं.

एवढ्या गाळणीतून जो रविवार खाली उतरतो, तो हमखास पौर्णिमेचा निघतो. पुनवेला मासा चावतो, असं व्हिडिओत सांगितलेलं असतं. तांडेल सांगतो, दुपारी या. दर्यावर्दीला सूर्योदयाचा फोटो हवा असतो. तो सहाला हजर.

मुंबईत पुनवेच्या पहाटे सहाला खाडीचं पाणी जवळपास तळाला असतं. उधाणाला ते जितकं चढतं तितकंच उतरतंही; मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि त्याचा सगळा वचपा ओहोटी काढते. धक्क्याच्या टोकापासून समोर नुसता चिखल. होड्या कुशीवर कललेल्या. चिखलात निवटे भुईवर चालल्यासारखे फिरत असतात, आणि डोळे डोक्यावर असल्यामुळे त्यांना वर उभा असलेला माणूस नीट दिसतो. अठ्ठावीसशे रुपयांचा ल्युअर हातात धरून उभ्या असलेल्या गृहस्थाकडे निवट्याने असं टक लावून बघणं बरं नव्हे. पण त्यांची वसाहत जुनी आहे.

सहा तास आहेत म्हटल्यावर दर्यावर्दी देखावा बघून घेतो. मागे ट्रॉम्बेचा डोंगर. त्याच्या पलीकडे माहुलचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आलेले. टाटांच्या वीजकेंद्राची धुरांडी. आणि डोंगराच्या पोटाशी भाभा अणुसंशोधन केंद्र, जिथे 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. एवढं बघून त्याचा हात मोबाइलकडे जातो. "तिकडं नको," तांडेल म्हणतो. त्या किनाऱ्याजवळ होडी नेता येत नाही आणि तिकडे कॅमेरा रोखणं कुणाला आवडत नाही. आपण मासे धरायला आलो असून देशाच्या सुरक्षेला धोका ठरू शकतो, ही कल्पना दर्यावर्दीला मनातून फार आवडते. सोमवारी ऑफिसात पहिली तीच सांगितली जाते.

नऊ-साडेनऊला पाणी ओढ घ्यायला लागतं आणि धक्क्यावर माणसं जमतात. चिता कॅम्पातली पोरं, मानखुर्दचा एक रिक्षावाला, एक निवृत्त कामगार. ह्यांच्यापैकी कुणाकडेही रॉड नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गळ, गळाला कोळंबी. बाटली डाव्या हातात आडवी धरायची, उजव्या हाताने शिसं गरगर फिरवून सोडायचं. तंगूस बाटलीवरून सुटत जातो आणि शिसं नेमकं तिथे पडतं जिथे टाकायचं होतं. दर्यावर्दीचा पहिला टाक स्वतःच्या जाकिटात अडकतो. बावीस खिशांपैकी सतराव्यात.

त्याच्या ल्युअरवर मात्र मासा येत नाही, आणि ह्यात त्याची चूक नाही. रंगीत खोटा मासा जिताड्याला दिसला तर तो धावून येईल. पण एवढ्या गढूळ पाण्यात वासावर येणारे मासेच जास्त. दहावेळा "नो बाइट" म्हणून झाल्यावर तांडेल काही न बोलता आपल्या डब्यातली एक जिवंत कोळंबी काढून त्याच्या गळाला लावतो. पाचव्या मिनिटाला रॉड वाकतो. रील करकरते. दर्यावर्दी ओरडतो. पोरं मोबाइल काढतात. बारामुंडी, दहा लाख डॉलर, आजोबांचं रक्त, सगळं त्या क्षणी तंगसाच्या टोकाला असतं.

वर येतो शिंगाळा.

शिंगाळ्याची बदनामी ह्या लेखात करायची नाही. तो गरीब मासा आहे, त्याची अंडी नर आपल्या तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. मुलुंडमधले किती बाप हे करतील? पण त्याच्या पाठीला आणि कल्ल्यांमागे काटे असतात, टोचले की हात दिवसभर ठणकतो. तांडेल पायाने दाबून गळ सोडवतो. दर्यावर्दी मासा दोन्ही हातांनी पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरतो. हात लांब केले की मासा मोठा दिसतो, ही विद्या जगभर सारखीच आहे. फोटो होतो. आणि मग व्हिडिओत शिकल्याप्रमाणे तो मासा परत पाण्यात सोडून देतो.

धक्क्यावर शांतता पसरते. टोपली घेऊन बसलेली मावशी विचारते, "सोडलास?"

"हो मावशी. कॅच अँड रिलीज. म्हणजे मासे वाढतात."

"खायाचा नव्हता तर त्याचं तोंड कशाला फारलंस?"

ह्या प्रश्नावर ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही व्हिडिओत उत्तर नाही. खरं तर दोघंही बरोबर आहेत. नॉर्दर्न टेरिटरीत पंचावन्न सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवताच येत नाही, सोडावाच लागतो, आणि तिकडे मासे टिकले त्यात अशा नियमांचा वाटा आहे. मावशीच्या खाडीत मासे कमी झाले ते मात्र कुणी शिंगाळा खाल्ल्यामुळे नव्हे. कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी, साचत गेलेला गाळ, शिवाय 7 ऑगस्ट 2010 रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ह्या जहाजांच्या टकरीनंतर पसरलेलं तेल. तेव्हा मुंबईत कित्येक दिवस लोक मासळी घ्यायला धजत नव्हते आणि टोपल्या भरलेल्याच घरी जात होत्या. तांडेल आज 'गाइड' झाला आहे तो हौसेने नव्हे. जाळ्यात पुरेसं येत नाही म्हणून तो आपलं पाण्याचं ज्ञान तासावर विकतो, आणि माझ्या मते फार स्वस्तात विकतो.

दर्यावर्दीचं एक वागणं मात्र वाखाणण्याजोगं. तो लाइफ जॅकेट मागतो. कोळीवाड्यात आधी त्याचं हसू होई. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला अपघात होऊन माणसं गेली, तेव्हापासून कुणी हसत नाही. मासेमारीच्या होडीचा परवाना मासे धरायचा असतो, माणसं हिंडवायचा नव्हे, हेही त्याने विचारलं तर बरं. धक्क्यावरून गळ टाकायला होडी लागत नाही.

सगळेच हौशी असे नसतात. पवईच्या तलावाकाठी अँगलिंग असोसिएशनचे जुने सभासद आहेत, ते तासन् तास तोंड न उघडता बसतात आणि मासा लागला तरी आवाज करत नाहीत. त्यांना रविवारचा दर्यावर्दी म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या खिशात सेल्फी स्टिक नसते.

घरी आल्यावर दर्यावर्दी रेटिंग देतो. पाच तारे देण्याचा त्याचा विचार असतो, पण एक तारा तो कापतो. कारण लिहितो: 'पाणी वेळेवर नव्हतं.'

तेव्हा ट्रॉम्बेला जायचंच असेल तर आधी पंचांग उघडा. रविवारी द्वादशी येते का पाहा. त्या दिवशी भरती नऊच्या सुमाराला, ट्रॉम्बेला थोडी उशिराच. सातला धक्क्यावर हजर राहा. ल्युअरचा डबा घरी ठेवा, कोळंबी तिथेच मावशीकडून घ्या, भाव करू नका. तांडेलाचे पैसे आधी ठरवा आणि मासा लागो न लागो, पुरे द्या.